कोरडा ट्रॅप

१

सोमारीबाई मडावी धुण्याच्या खोलीत मेलेली सापडली, तेव्हा तिच्या उशाशी टोपलीखाली तिची कोंबडीही मरून पडली होती. नुसती म्हातारी गेली असती, तर वडशाच्या त्या लेआउटमधल्या वस्तीनं ‘ऊन लागलं’ म्हणून दोन दिवस हळहळ केली असती आणि तिसऱ्या दिवशी जो तो आपापला कूलर भरायच्या मागे लागला असता. मे महिना होता, पारा शेहेचाळीसवर गेला होता, आणि म्हातारी माणसं जायचीच. पण त्या कोंबडीनं सगळा घोटाळा केला. माणसाला ऊन लागतं हे सगळ्यांना पटतं. सावलीत टोपलीखाली बसलेली कोंबडी उन्हानं कशाला मरेल?

तेव्हा जेवणातून काहीतरी दिलं असणार, असं लेआउटनं एकमतानं ठरवून टाकलं. देणार कोण? घरात तिसरं माणूसच नव्हतं. मुलगा सुरज एटापल्लीकडे वनरक्षक, महिन्यातून दोनदा घरी येणारा. मागे सासू आणि सून दोघीच. सून रंजीता आशा वर्कर; घरात गोळ्यांची पेटी असायची, आणि दोघींची भांडणं तर भिंतीपलीकडेही ऐकू जायची. आणखी काय पाहिजे? लोकांनी तिला मनातल्या मनात फासावर चढवूनही टाकलं.

तिसऱ्या दिवशी शवविच्छेदनाचा अहवाल आला आणि लोकांचा हिरमोड झाला. पोटात विष नव्हतं. विषारी वायू श्वासातून गेला होता, संडासाच्या टाकीत असतो तसला. मग बोट दुसरीकडे वळलं. त्या खोलीत आठ महिन्यांपूर्वी वॉशिंग मशीन बसवून तिचं पाणी टाकीच्या लाइनीला जोडून देणारा प्लंबर अंकुश याला पोलिसांनी सकाळीच ठाण्यात नेलं.

दहाच्या सुमाराला अंकुशची बायको दीपिका गुलाब खोब्रागडेंच्या दारात उभी होती. पायात चप्पल नव्हती आणि रस्ता तव्यासारखा तापला होता.

“सर जी, त्याहीले ठाण्यात बसवून ठेवलं. संध्याकाळपावतर अटक दाखवतो म्हन्ते. तुमी शिकवलं ना त्याहीले? तुमीच सांगा ना, का ते असं करू शकत नाई म्हून.”

गुलाब सर आयटीआयमध्ये तीस वर्षं प्लंबिंग शिकवून निवृत्त झालेले. वैनगंगेच्या अल्याड-पल्याड नळाला पाना लावणारा जो कोणी भेटेल, तो बहुतेक त्यांच्या हाताखालून गेलेला. पहिल्यांदा त्यांना वाईट वाटलं नाही, राग आला. माझ्या पोरानं चुकीचं कनेक्शन दिलं? त्यांनी शर्ट चढवला, टॉर्च आणि पाना घेतला आणि दीपिकाला आपली चप्पल दिली.

२

ठाणेदार समंजस माणूस होता. त्यालाही या विषयातलं काही कळत नव्हतं आणि तसं कबूल करायची त्याला लाज वाटत नव्हती.

“सर, मला फक्त एवढं सांगा, गॅस खोलीत आला कसा आणि कोणामुळे आला. पाच वाजेपर्यंत लिहून द्या. तुमच्या शब्दाला इथे मान आहे. पण ‘देवाची इच्छा’ असं लिहू नका. फिर्याद आहे, कोणाचं तरी नाव लागेल.”

अंकुश बाकावर बसला होता. सरांना पाहताच तो ताडकन उभा राहिला, वर्गात उभा राहायचा तसा.

“सर, मी तुमी शिकवलं तसंच केलं. मशीनची नळी सिद्दी लाइनीत नाई कोंबली. अडीच फूट उभा पाइप घेतला, खाली ट्रॅप बसवला. नळी नुसती वरून सोडली, टेप लावून बंद नाई केली. बाकीचे तं डायरेक्ट ठोकून देते सर, कोन पाह्यते? मी नाई ठोकलं.”

“ट्रॅपमध्ये पाणी भरून दाखवलं होतंस घरच्यांना?”

“हव. म्हातारीलेच दाखवलं. म्हटलं माय, या वाकड्या नळीत पानी राह्यते, तेच दार हाये. पानी हाये तोवर टाकीची घाण हवा घरात येत नाई.”

“मग ती म्हातारी मेली कशी?”

अंकुशच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि सरांनी मान दुसरीकडे वळवली. पोर खरं बोलत असेल तर या मरणाला कारणच उरत नव्हतं.

३

मडाव्यांच्या घरी ओसरीवर सुरज बसला होता. बायको आत होती. दोघांमध्ये एक दार होतं, पण तीन दिवसांत ते ओलांडून कोणी कोणाशी बोललं नसावं.

“पाहा सर,” सुरज म्हणाला. “डाक्टर गॅस म्हन्ते. पन कोंबडी काऊन मेली? दोघीनं एकच तांदळाची कणी खाल्ली. माह्या मनात वहीम हाये, आन तो जात नाई.”

ज्या बाईबद्दल तो बोलत होता ती हे सगळं आतून ऐकत होती.

धुण्याची खोली मागच्या अंगाला, दहा बाय सहा. खिडकी एकच, तीही उन्हाच्या झळा येऊ नयेत म्हणून पुठ्ठा लावून बंद केलेली. गार फरशी. धानोऱ्याकडच्या गावात उभा जन्म गेलेल्या सोमारीबाईला पलंगावर झोप यायची नाही. दुपारी जेवली की ती इथं दार लोटून फरशीवर अंग टाकायची. मंगळवारी एक वाजता अशीच निजली. तीनला रंजीता बैठकीहून परतली, तेव्हा श्वास थांबलेला.

मशीनच्या झाकणावर एक खोका होता. आत काहीतरी चिवचिवलं. सरांनी वाकून पाहिलं: कोंबडीची सात पिलं.

“ही कधीपासून इथं आहेत?”

“पयल्यापासून,” रंजीता दारातून म्हणाली. तिचा आवाज बसला होता. “मांजर येते म्हून माय वर ठेवाची. त्या दिवशीबी इथीच होते.”

“खायला?”

“तेच. कणी.”

“सुरज, इकडे ये,” सरांनी हाक मारली. “एकच कणी खाऊन फरशीवरची कोंबडी मरते आणि तीन फुटांवरची पिलं जगतात. हा वायू हवेपेक्षा जड असतो, खाली साचतो. तुझी माय खाली झोपली होती. जेवणाचा काही संबंध नाही.”

सुरज पिलांकडे बघत राहिला. बायकोकडे मात्र त्यानं पाहिलं नाही.

सरांनी पाइप तपासला. अंकुशनं सांगितल्याप्रमाणे सगळं जागच्या जागी: उंची बरोबर, उतार बरोबर, नळी वरून मोकळी सोडलेली. नियमाच्या पुस्तकात चित्र छापावं इतकं नेटकं काम. त्यांना क्षणभर अभिमान वाटला. मग त्यांनी ट्रॅपची खालची चकती पान्यानं सैल केली आणि तळहात धरला, पाणी येईल म्हणून.

एक थेंबही आला नाही. आत कोळ्याचं जाळं होतं.

“रंजीता, मशीन शेवटची कधी लावली होती?”

“सोमवारी, सर. एक दिवसाआड लावते. ड्युटीची साडी रोज धुवा लागते ना.”

एक दिवसाआड चाळीस लिटर पाणी ज्या वाकणातून जातं, तिथं कोळी घर बांधत नाही. मग ते पाणी गेलं कुठं?

४

उत्तर मागच्या दारी लोंबत होतं. साऱ्या लेआउटमध्ये हिरवं पान दिसत नव्हतं, आणि मडाव्यांच्या कुंपणावर दोडक्याचा वेल दाट पसरला होता. खालच्या पानांवर पांढरे डाग पडले होते. सरांनी एका पानावर ओलं बोट फिरवलं. बोट बुळबुळीत झालं. साबण. वेलाशेजारी निळा ड्रम होता आणि त्याच्या आतल्या अंगाला पावडरीचं कडं जमलं होतं.

“म्या नको म्हनलं होतं,” रंजीता रडायलाच लागली. “मशीन आली तवापासून भांडलो आमी यावरूनच. साबनाचं पानी भाजीले टाकू नको म्हनलं. लोक म्हन्तीन, आशाताईच्याच घरी असं. तिनं ऐकलं म्हनून वाटलं मले. मी घरी असली का नळी पाइपातच दिसाची.”

ती घरी असली की. मशीन लावून रंजीता कामावर जायची. मागे सोमारीबाई नळी काढून ड्रममध्ये सोडायची, आणि सून यायच्या आत ती परत जागेवर ठेवायची. जिनं चाळीस वर्षं दीड कोसावरून डोक्यावर पाण्याचा गुंड वाहिला, तिला चाळीस लिटर पाणी जमिनीत जाताना बघवणार कसं? उन्हाळाभर त्या ट्रॅपला पाण्याचा थेंब मिळाला नाही. शेहेचाळीस डिग्रीत वाकणातलं पाणी आटलं आणि दार उघडं पडलं.

पण गुलाब सरांचं समाधान झालं नाही. कोरडे ट्रॅप अर्ध्या गावात असतील. तिथं घाण वास येतो, डोकं दुखतं. माणूस दोन तासांत मरत नाही. मंगळवारी दुपारी टाकीत काहीतरी वेगळं घडलं होतं.

टाकी मडाव्यांची आणि शेजारच्या लच्छूभाऊंची, दोन घरांत एक. लच्छूभाऊ एसटीचे निवृत्त ड्रायव्हर. सर टाकीकडे वळले तसे ते घरात जायला निघाले.

“लच्छूभाऊ, झाकणाभोवती ही नवी माती कधी लिंपली?”

“काऊन जी?”

“रस्त्यावर टँकरच्या चाकांचे वण आहेत. माती तीन-चार दिवसांपूर्वीची आहे. म्हातारी गेली त्या दिवशीची.”

लच्छूभाऊ पायरीवर बसले. “सर, म्या काई वाईट नाई केलं. टाकी भरली होती, संडास तुंबून राह्यला होता. मैल्याचा टँकर बोलावला. त्याहीनं बांबूनं ढवळलं, एक खेप भरून नेली. दुसरी खेप चार वाजता नेतो म्हने. वासानं घरात बसवत नव्हतं, म्हून झाकण लावून चिखलानं लिपून घेतलं. मंग तिच्या घरून रडाचा आवाज आला. चार वाजता टँकर आला, म्या वापस धाडला. पोलिसायच्या भानगडीत कोन पडते?”

“किती वाजता लिंपलं?”

“एक-सव्वा वाजला असन.”

मेळ बसला. ढवळलेल्या मैल्यातून वायू भसाभस सुटला असणार. झाकण लिंपलेलं. लच्छूभाऊंच्या घरातले ट्रॅप पाण्यानं भरलेले. वाट फक्त सोमारीबाईच्या उशाशी उघडी होती.

तरीही एक गोष्ट राहत होती, आणि ती सर स्वतः पहिल्या दिवशी पहिल्या तासाला फळ्यावर काढायचे. टाकीचा वायू घरात शिरायच्या आधी वर निघून जावा म्हणून तर गच्चीपर्यंत व्हेंट पाइप नेलेला असतो. तो मोकळा असता, तर झाकण लिंपलं काय आणि ट्रॅप कोरडा पडला काय, म्हातारी जगली असती.

“शिडी आहे का?” त्यांनी विचारलं.

५

गच्चीवर पाय ठेवणं कठीण होतं. व्हेंट पाइप कोपऱ्यात उभा होता आणि त्याच्या तोंडावर सुतळीनं काहीतरी करकचून बांधलं होतं. सरांनी हात लावला. टणक लागलं, गिलाव्यासारखं. गाठ कापून त्यांनी ते काढलं आणि उलटं करून पाहिलं.

जुन्या लुगड्याचा तुकडा होता, दुहेरी घडीचा. खालून टाकीची वाफ लागून कापड सदा ओलं राहिलेलं, आणि वरून वडशाच्या हवेत उडणारा धानाचा कोंडा आणि काजळी त्यावर बसत गेलेली. हंगामभरात त्याची घट्ट खपली झाली होती. फुंकर मारली तरी पलीकडे जात नव्हती. एका माणसाचा जीव या एवढ्या चिंधीनं घेतला होता.

ज्यानं हे बांधलं तो गुन्हेगार. सरांना तसं स्पष्ट वाटलं, आणि अंकुश सुटला म्हणून बरंही वाटलं. शिडीवरून उतरता उतरता त्यांनी चिंधी वर धरून विचारलं, “हे कोणी बांधलं?”

“म्या,” रंजीता म्हणाली. तिला काही लपवायचं नव्हतं. “डेंग्यूच्या मोहिमेत. पाइपातून डास निंगते ना. जाळ्या संपल्या होत्या, मंग मायचं जुनं लुगडं बांधलं. तुमीच तं सांगतलं होतं सर, विहारातल्या सभेत.”

सरांचा पाय शेवटच्या पायरीवर थांबला.

दिवाळीनंतरची ती सभा. आरोग्य खात्याच्या माणसांनी निवृत्त शिक्षक म्हणून त्यांना चार शब्द बोलायला उभं केलं होतं. हार घातला होता. मागून कोणीतरी ओरडलं, जाळ्याच नाहीत तर बांधायचं काय? लोक हसले. सभा हातची जाते असं त्यांना वाटलं, आणि ते माइकवर मोठ्यानं म्हणाले होते: जाळी नसेल तर घरातलं जुनं लुगडं बांधा, पण पाइप उघडा ठेवू नका! टाळ्या पडल्या होत्या. त्या टाळ्या त्यांना आवडल्या होत्या.

व्हेंट पाइपनं श्वास घेतला पाहिजे, हे तीस वर्षं शिकवणारा माणूस ते वाक्य बोलला होता. वर्गात कोणा पोरानं असं उत्तर लिहिलं असतं तर त्यांनी शून्य दिलं असतं.

“काऊन सर? चुकलं का काई?” रंजीतानं विचारलं.

ओसरीतून सुरज तिच्याकडे बघत होता; एवढ्या लांब त्याला बोलणं ऐकू जात नव्हतं. तीन दिवसांचा वहीम नुकताच कुठे सैल झाला होता. आता ‘हिनं बांधलं’ एवढे दोन शब्द बोलले, की तो पुन्हा आवळला जाणार होता, आणि या वेळी कायमचा. फाइलीत अंकुशच्या जागी रंजीताचं नाव जाणार होतं. आणि ती स्वतः? सासूच्या लुगड्यानं सासू मारली, हे घेऊन ती कशी जगणार होती?

“नाही,” सर म्हणाले. “तुझं काही चुकलं नाही.”

त्यांनी चिंधीची घडी करून पिशवीत टाकली. लच्छूभाऊंनी पुढे केलेलं पाणी न घेताच ते ठाण्याकडे निघाले.

६

साडेचारला ते ठाणेदारासमोर बसले आणि एकेक गोष्ट सांगत गेले. म्हातारीनं दोडक्यासाठी पाणी वळवलं, ट्रॅप आटला. टाकी ढवळली गेली, झाकण लिंपलं गेलं. अंकुशच्या कामात काडीचाही दोष नाही. वायूला वर जायची वाट होती, ती या कापडानं बंद झाली.

“आणि हे बांधलं कोणी?” ठाणेदारानं विचारलं.

“मी.”

ठाणेदारानं पेन खाली ठेवलं. “तुम्ही दुसऱ्याच्या गच्चीवर चढून?”

“डेंग्यूच्या मोहिमेत होतो. जाळी संपली होती. लिहा.”

“सर, त्या वॉर्डाची आशा वर्कर कोण आहे ते मला माहीत आहे.”

“मला जे माहीत आहे ते मी सांगतोय. माझं वय सदुसष्ट आहे आणि मी शुद्धीवर आहे. लिहा.”

ठाणेदारानं पेन पुन्हा उचललं आणि लिहिलं. सरांना वाटलं होतं, हे बोलल्यावर छातीवरचा दगड उतरेल. तो उतरला नाही. त्या कबुलीत खोटं एवढंच होतं, की गाठ मारणारे हात त्यांचे नव्हते, आणि खरं इतकं होतं की त्यांना रडूही येईना.

अंकुशला सोडलं. दीपिका फाटकाशी उभी होती, पण तो आधी सरांपाशी आला. बातमी त्याच्या कानावर गेली होती. नेहमीसारखा पाया पडायला वाकला नाही.

“मी तुमचं नाव सांगून काम घेत होतो, सर,” तो म्हणाला. “खोब्रागडे सरचा पोरगा हाये, म्हनलं का लोक घर उघडून देत होते.” तो बायकोला घेऊन निघून गेला.

मग ठाणेदारानं फिर्यादी म्हणून सुरजला आत बोलावलं आणि जबाब वाचून दाखवायला घेतला. सुरजसोबत रंजीताही आली होती. ती दारात उभी राहिली. सरांना हे आधी सुचलंच नव्हतं, की जबाब मोठ्यानं वाचतात.

“...गच्चीवरील व्हेंट पाइपाचे तोंड मी स्वतः जुन्या लुगड्याने बांधले. त्यामुळे वायूचा मार्ग बंद होऊन सदर मृत्यू घडला...”

रंजीतानं मान वर केली. आधी तिला कळलं नाही. मग कळलं. तिच्या चेहऱ्यावर ते उतरत गेलेलं सरांनी बघितलं आणि त्यांना कळून चुकलं, की जे तिच्यापासून लपवायला ते खोटं बोलले, ते याच खोट्यानं तिला सांगून टाकलं होतं.

“सर, पन ते तं...”

“रंजीता, घरी जा,” सर म्हणाले.

सुरजला यातलं काहीच कळलं नाही. त्यानं सरांकडे एकदा तिरस्कारानं पाहिलं आणि तीन दिवसांत पहिल्यांदा बायकोच्या खांद्यावर हात ठेवला. “चाल. म्या उगाच तुह्यावर वहीम घेतला. माफ कर मले.”

फाटकाबाहेर तो गाडी सुरू करेपर्यंत ती मागच्या सीटवर बसून आपल्या दोन्ही तळव्यांकडे बघत राहिली.